वनस्पतींचे जंतुघ्न कार्य : तबकडीतील आणि रुग्णातील

वाळूज औद्योगिक वसाहतीलगतच्या बजाजनगरात व्यवसाय करणाऱ्या आम्हा वैद्यांकडे यंत्रात बोट चेचलेले, पत्र्याने हात कापलेले कामगार नित्य येतात. ‘गोळ्या उष्ण पडतात, त्यापेक्षा निलगिरीचे किंवा लवंगेचे तेल लावू का?’ हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. अमुक तेल प्रतिजैविकाइतकेच प्रभावी, असे सांगणारी माहितीपत्रकेही आपणा सर्वांच्या टेबलावर येतात. हा दावा कशावर उभा आहे, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

बहुतांश दाव्यांमागे एकच प्रयोग असतो. जंतू पसरलेल्या काचेच्या तबकडीत तेलात वा अर्कात भिजविलेली कागदी चकती ठेवायची आणि तिच्याभोवती जंतुविरहित वर्तुळ किती मिलिमीटरचे पडले ते मोजायचे. पद्धत सोपी व स्वस्त; प्रबंधांत तिचा सुकाळ आहे तो त्यामुळेच! परंतु तेलांच्या बाबतीत ती फसवी ठरते. अगार पाणीदार असल्याने तेल त्यात नीट पसरत नाही. उलट त्याचे बाष्प झाकणाखाली कोंडून दूरच्या जंतूंवरही परिणाम करते. दोन तेलांची वर्तुळे शेजारी मांडून श्रेष्ठ-कनिष्ठ ठरविणे त्यामुळे व्यर्थ होय.

तेलांत गुण नाही, असे मात्र नव्हे. ओव्यातील थायमॉल, लवंगेतील युजेनॉल ही द्रव्ये जंतूंचे स्निग्ध आवरण भेदतात. पण ज्यांना बाहेरून आणखी एक आवरण असते ते स्युडोमोनाससारखे जंतू या तेलांना सहसा दाद देत नाहीत, आणि जुनाट व्रणांत गाठ पडते ती अनेकदा त्यांच्याशीच. शिवाय जंतूचे आवरण फोडणारे द्रव्य रुग्णाच्या ऊतींनाही सोडत नाही. निर्भेळ लवंगतेलाने हिरडी व उघडी जखम भाजते. निलगिरीचे तेल पोटात गेल्यास लहान मुलांना आचके येऊ शकतात.

याच्या अगदी उलट उदाहरण परळच्या के.ई.एम. रुग्णालयातील आहे. तेथे डॉ. शरदिनी डहाणूकर, डॉ. उर्मिला थत्ते व त्यांच्या सहकाऱ्यांनी उदरात ई. कोलाय जंतूंचा संसर्ग घडविलेल्या उंदरांना गुळवेल दिली. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात गुळवेलीला स्वतःचा जंतुघ्न गुण आढळला नाही. तबकडीच्या परीक्षेत ती नापासच झाली असती. तरीही उंदरांचा मृत्युदर तिने पुष्कळ खाली आणला, कारण जंतू गिळून मारण्याची श्वेतपेशींची शक्ती वाढली होती. पुढे १९९३ मध्ये डॉ. निर्मला रेगे आदींनी अवरोधजन्य काविळीच्या ३० शस्त्रक्रिया-रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. केवळ रूढ उपचार घेणाऱ्या गटात निम्म्या रुग्णांत जंतुदोष रक्तात पसरल्याची लक्षणे दिसली, गुळवेल घेणाऱ्यांत एकातही नाही. शस्त्रक्रियेनंतर वाचणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे ४० व ९२.४ टक्के होते. संख्या लहान आहे, हे खरे. पण चरकाच्या सूत्रस्थानातील व्याधिक्षमत्वाचा विचार येथे मोजमापात उतरलेला दिसतो, आणि एखाद्या तेलाच्या वीस मिलिमीटरच्या वर्तुळापेक्षा आम्हाला तो कितीतरी मोलाचा वाटतो. ध्यानात घ्यावयाचे ते असे की, गुळवेल प्रतिजैविके व पित्तनिचरा यांच्या जोडीने दिली होती, त्यांच्या ऐवजी नव्हे.

आमच्या दवाखान्यांपुरते सांगायचे तर, किरकोळ जखमेच्या धावनासाठी पंचवल्कलाचा क्वाथ ताजा उकळलेला, गाळलेला असावा. सकाळचा उरलेला क्वाथ सायंकाळी वापरू नये. धनुर्वाताची लस केव्हा घेतली होती ते विचारावेच. मधुमेही रुग्णाच्या पायाची जखम, ताप, किंवा जखमेपासून वर चढणारी लाल रेघ दिसताच त्याला विनाविलंब रुग्णालयात धाडावे. तेथे तेलाचे प्रयोग नकोत.

गुळवेलीबाबतही एक सावधगिरी हवी. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांत यकृतास इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. वेल नेमकी कोणती होती, यावरून आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला आणि वाद झाला. वाद कसाही मिटो, कुंपणावरची वेल रुग्णाने स्वतः तोडून आणली असेल, तर ती आधी आपण पाहावी आणि त्याला पूर्वीचा यकृतविकार आहे का हे विचारूनच मात्रा सांगावी.