पिशवीत आधी कागद

आपत्तीसाठी घर तयार ठेवा, असं सांगणाऱ्या पत्रकांत पिशवीची यादी हमखास असते: विजेरी, पिण्याचं पाणी, बिस्किटं, औषधं, शिट्टी. भिवंडीत पावसाळ्यापुरती ही यादी चालते. कामवारी नदी फुगून सखल वस्त्यांत पाणी घुसलं की मेन स्विच बंद करायचा, सिलिंडरचा रेग्युलेटर काढायचा आणि वरच्या मजल्यावर जाऊन पाणी ओसरण्याची वाट पाहायची. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर हे इथे फारसं शिकवावं लागत नाही. पण वरचा मजलाच भरवशाचा नसेल तर? २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे धामणकर नाक्याजवळ, पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली तेव्हा माणसं झोपेत होती. सुमारे ४० जीव गेले. २९ एप्रिल २०२३ ला वळपाड्यात खाली गोदाम आणि वर राहत्या खोल्या असलेली इमारत भरदुपारी पडली. ८ जण दगावले. पिशवीला हात लावायलाही तिथे अवधी नव्हता. म्हणून भिवंडीतल्या कुटुंबाची पहिली तयारी वेळेवर घर सोडता येण्याची असावी, आणि ती महिनोन्महिने आधी सुरू व्हावी, असं माझं म्हणणं आहे.

काँक्रीट पुष्कळदा आधी खुणा दाखवतं. गळतीने आतली सळई गंजते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे तो वरचा थर आतून फोडतो आणि त्या फटीतून आणखी पाणी शिरतं. घरातल्या माणसाला हे दिसतं ते छताच्या पडलेल्या पापुद्र्यात, सळईच्या रेषेत उमटलेल्या तांबूस भेगेत, कालपर्यंत नीट लागणारं दार आज अडकू लागतं त्यात. गिलाव्यावरची केसासारखी भेग बहुधा निरुपद्रवी असते. खांबाची उभी आणि तुळईची तिरपी भेग मात्र दुर्लक्ष करण्यासारखी नसते. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख घालावी, तिच्यावर आडवी पातळ काचपट्टी पक्की बसवावी. काच तडकली तर भेग अजून हलते आहे. तारखेसह काढलेले फोटो जोडून मालकाला आणि महापालिकेला लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी. हे काम मालकाचं, असं कुणी म्हणेल. पण ३० वर्षं उलटलेल्या इमारतीच्या संरचनात्मक तपासणीची जबाबदारी महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ ने मालकाबरोबर भोगवटादारावरही ठेवली आहे. जिलानी १९८४ च्या सुमाराची होती.

यावरचा खरा आक्षेप वेगळाच आहे. लोकांना भेगा दिसतात, ‘सी-१’ म्हणजे अतिधोकादायक, तातडीने रिकामी करून पाडण्याजोगी, हेही कळतं; तरी ते हलत नाहीत. त्यांना बेफिकीर म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. पगडीच्या खोलीतून एकदा बाहेर पडलो की परत पाय ठेवू देणार नाहीत, ही भीती निराधार नाही. हेवी डिपॉझिट भरून राहणाऱ्याची सगळी बचत मालकाकडे अडकलेली असते, आणि ती बरेचदा पुढचा भाडेकरू आला तरच सुटते. धोकादायक ठरलेल्या इमारतीत पुढचा कोण येणार? नोटिशीपेक्षा ही भीती जड भरते, आणि तिच्यावर इलाज कागदाचाच आहे. पालिकेने इमारत पाडली तरी भाडेकरूचा हक्क संपत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शहा रतनसी खिमजी प्रकरणात दिला. पण हक्क सांगायला पुरावा लागतो. भाडेपावत्या, करारनामा, डिपॉझिट बँकेतून दिल्याची नोंद, लाइट बिल आणि खोलीची लांबीरुंदी यांच्या प्रती एका प्लास्टिकच्या पाकिटात घालाव्यात, दुसरा संच गावच्या घरी किंवा नातेवाइकाकडे ठेवावा. रिकामं करायची वेळ आलीच तर ताब्यातल्या क्षेत्राची मोजणी करून तशी लेखी नोंद मागावी, आणि शक्यतो सगळ्या मजल्यांनी एकत्र मागावी. एकट्याच्या अर्जापेक्षा ३० सह्यांचा अर्ज टाळणं अवघड जातं.

ज्यांच्याकडे कागदच नाहीत त्यांचं काय, हा प्रश्न उरतो, आणि यंत्रमागाच्या या शहरात तो मोठा आहे. उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार पाळीप्रमाणे एकच खोली वाटून घेतात. तिथे भाडं रोख, नावं तोंडी. त्यांचा त्या खोलीवर हक्क नसतो, म्हणून सोडताना गमवायचंही कमी असतं, पण रात्री जायला जागा नसते. त्यांच्या बाबतीत माझा युक्तिवाद अर्धाच लागू पडतो, हे मान्य करतो. तरी दोन गोष्टी जमतात. कोणत्या पाळीला खोलीत कोण झोपलेलं आहे याची यादी, गावाकडच्या फोन नंबरांसह, बाहेरच्या एखाद्या दुकानदाराकडे ठेवावी. ढिगारा उपसणाऱ्या जवानांना आत किती माणसं आहेत आणि कुठल्या बाजूला, हे पहिल्या तासात कळलं तर शोध नेमका होतो. आणि छताचे तुकडे पडू लागले की कुठे जायचं, ते मुकादमाशी बोलून पावसाळ्याआधी ठरवावं, कारण जूनमध्ये सगळेच जागा शोधत असतात.