हृदयांतील गांठ आणि साधें पडसें

ऋतु पालटला कीं घरोघरीं पडसें, खोकला आणि ताप यांचा फेरा येतो. चार दिवस अंथरूण धरावें, गरम पेज घ्यावी आणि पांचव्या दिवशीं पुन्हां कामास लागावें, हा क्रम सर्वांच्या परिचयाचा आहे. अशा वेळीं चाळिशी ओलांडलेली एखादी गृहिणी जिना चढतांना धापा टाकूं लागली, तर 'खोकला अजून उतरला नाहीं' असेंच घरचीं माणसें म्हणतात. बहुतेक वेळां तें खरेंहि असतें. परंतु क्वचित् त्या धापेचें मूळ फुप्फुसांत नसून हृदयांत दडलेलें असतें.

हृदयांतच उद्भवणारी गांठ ही फार विरळ व्याधि आहे. प्रौढ माणसांत आढळणाऱ्या अशा गांठींत 'मिक्झोमा' ही प्रमुख होय. ती कर्करोगाच्या जातीची नसते. पुरुषांपेक्षां स्त्रियांत ती अधिक आढळते; आणि चारांपैकीं सुमारें तीन गांठी हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्यांत असतात. फुप्फुसांत शुद्ध झालेलें रक्त प्रथम याच कप्प्यांत येतें व एका झडपेंतून खालच्या कप्प्यांत उतरतें. ही मऊ, बुळबुळीत गांठ बहुधा देठानें मधल्या पडद्याला चिकटलेली असते. रक्ताच्या ओघाबरोबर ती हेलकावे खाते आणि प्रसंगीं झडपेच्या तोंडांत येऊन बसते. मोरीच्या तोंडाशीं बोळा अडकला म्हणजे पाणी जसें मागें तुंबतें, तसें मग रक्त फुप्फुसांत तुंबतें व दम लागतो.

अशा हृदयाच्या माणसास इन्फ्लुएंझासारख्या विषाणूनें गांठलें म्हणजे काय होतें? ताप एक अंश सेल्सिअसनें चढला कीं नाडी मिनिटास सुमारें 10 ठोक्यांनीं वाढते. ठोके जलद पडूं लागले म्हणजे दोन ठोक्यांमधील विसाव्याचा काळ आखडतो. आणि रक्त खालच्या कप्प्यांत उतरतें तें नेमकें त्या विसाव्यांतच. वाट आधींच अरुंद, त्यांत वेळहि अपुरा! निरोगी हृदय हा भार सहसा पेलतें. गांठ असलेल्या हृदयास तो असह्य होऊं शकतो. शिवाय अशा आजारांत रक्त गोठण्याची प्रवृत्ति वाढते. गांठीचा तुकडा किंवा तिच्यावर साकळलेलें रक्त सुटून मेंदूंत गेलें तर पक्षाघात होतो.

खरी अडचण निदानाची आहे. कित्येकदां ही गांठ स्वतःच इंटरल्यूकिन-6 नांवाचें द्रव्य रक्तांत सोडते. त्यामुळें बारीक ताप, अंगदुखी, थकवा, वजन घटणें हीं लक्षणें पडशावांचूनहि दिसतात. 2020 सालीं कोविडची सांथ आली तेव्हां ताप व धाप दिसतांच मन प्रथम त्याच रोगाकडे धांव घेई. म्हणून कांहीं खुणा ध्यानांत ठेवाव्या. पडसें ओसरूनहि न ओसरणारी धाप, कूस पालटतांच किंवा उठून बसतांच लागणारा दम, एकाएकीं येणारी भोवळ आणि रेंगाळणारा ताप यांकडे दुर्लक्ष करूं नये. हात-पाय लुळा पडला किंवा वाचा अडखळली, तर घटकाभरहि न दवडतां रुग्णालय गांठावें.

पूर्वीं ही गांठ बहुधा मृत्यूनंतरच्या तपासणींतच दिसे. 1954 सालीं स्टॉकहोम येथें क्लॅरेन्स क्राफोर्ड या शस्त्रवैद्यानें, हृदय व फुप्फुसें यांचें काम करणाऱ्या यंत्राच्या साहाय्यानें, ती प्रथम यशस्वी रीतीनें काढली. 1959 सालीं जर्मनींत ध्वनिलहरींनीं ती जिवंत माणसाच्या हृदयांत दाखवून दिली. आज 'इको' ही वेदनारहित तपासणी शहरोशहरीं होते. गांठ सांपडल्यास ती काढणें हाच उपाय होय, आणि बहुतेक रोगी त्यानंतर बरे होतात. अंगांत ताप असतां शस्त्रक्रिया लगेच करावी कीं थांबावें, हें वैद्यांनींच दोन्ही धोके तोलून ठरवावयाचें असतें. रोग्यानें व घरच्यांनीं इन्फ्लुएंझाची लस दरवर्षीं टोंचून घेण्याविषयीं त्यांचा सल्ला घ्यावा. विषाणूवर प्रतिजैविकें चालत नाहींत, हेंहि विसरूं नये.

पडसें हा चार दिवसांचा पाहुणा. पाहुणा गेल्यावरहि घरांत पावलें वाजत राहिलीं, तर दिवा घेऊन उठलें पाहिजे.