‘गो’चं ‘वेंट’ का होतं? आधी आपलं ‘जा–गेला’ बघा

बेळगाव : मराठी शाळेतून कॉलेजात गेलेल्या मुलांचा एक प्रश्न ठरलेला. ‘वॉक’चं ‘वॉक्ड’ होतं, ‘प्ले’चं ‘प्लेड’ होतं, मग ‘गो’चं ‘वेंट’ कसं? घरात उत्तर मिळतं, ‘ते तसंच असतं, पाठ कर.’ पण ते तसं का, हे कळलं की पाठांतराचं ओझं हलकं होतं.

आधी आपली मराठी घ्या. बस–बसला, उठ–उठला हा नियम. मग ‘जा’चं ‘जाला’ का होत नाही? कारण ‘जा’ हे संस्कृत ‘या’ धातूवरून आलं आणि ‘गेला’ हे ‘गम्’वरून. दोन धातूंचा एक संसार. इंग्रजीतही तसंच. ‘वेंट’ हे मुळात ‘वेंड’ या वेगळ्याच क्रियापदाचं रूप, ‘गो’नं ते आपलंसं केलं.

रोज तोंडात असलेली जुनी रूपं टिकतात, कमी वापरातली हळूहळू नियमात येतात. ‘हेल्प’चं भूतकाळी रूप एकेकाळी ‘होल्प’ होतं, आज ‘हेल्प्ड’ आहे. २००७ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासात जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदं तपासली होती. त्यातली आज ९८च अनियमित उरलीत.

म्हणजे यादी काही अफाट नाही. शिवाय तिच्यात गट पडतात :

- काहीच न बदलणारी : पुट, कट, हिट, शट, कॉस्ट.
- मधला स्वर बदलणारी : सिंग–सँग–संग, ड्रिंक–ड्रँक–ड्रंक, रिंग–रँग–रंग.
- ‘ऑट’वर संपणारी : बाय–बॉट, ब्रिंग–ब्रॉट, थिंक–थॉट, टीच–टॉट. यांचं दुसरं आणि तिसरं रूप एकच.
- ‘ई’चा ‘ए’ होणारी : कीप–केप्ट, स्लीप–स्लेप्ट.

आता खरी मेख. रूपं पाठ असूनही मुलं ‘आय डिड नॉट वेंट’ लिहितात आणि मार्क जातात. असं का होतं? कारण आपण मराठीत ‘मी गेलो नाही’ म्हणतो, नकारातही ‘गेलो’ तसंच राहतं. इंग्रजीत भूतकाळाचं काम ‘डिड’ करून मोकळं होतं, म्हणून पुढे मूळ रूपच येतं : ‘आय डिड नॉट गो’. प्रश्नातही तेच : ‘डिड यू गो?’

सीमाभागातल्या मुलांना इथं कन्नड उपयोगी पडते. ‘होदे’ म्हणजे गेलो, पण नकारात ‘होगलिल्ल’. भूतकाळाचं रूप तिथंही गळतं.

तेव्हा पुस्तकामागची ए टू झेड यादी घोकू नका. रोज एका गटातली पाच क्रियापदं घ्या. प्रत्येकाचं कालच्या दिवसावर एक होकारी आणि एक नकारी वाक्य करा, मोठ्यानं म्हणा. आई-बाबांना इंग्रजी येत नसलं तरी चालेल, ‘डिड’नंतर मूळ रूप आलं का एवढं तेही तपासू शकतात.