सनद, पदवी आणि हेगचे न्यायालय

परदेशी विद्यापीठातून आंतरराष्ट्रीय कायद्याची एलएल.एम. पदवी घेतली म्हणजे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात वकिली करण्याची सनद आपोआप पदरात पडते, ही आपल्या तरुण वकीलवर्गात रूढ झालेली समजूत जितकी मोहक तितकीच निराधार आहे. कारण अशी सनद देणारे मंडळच तेथे नाही. त्या न्यायालयाच्या संविधीतील कलम ३४ अन्वये पक्षकार केवळ राष्ट्रेच होऊ शकतात, आणि आपल्या वतीने कोणास उभे करावे हे त्यांचे तीच ठरवतात. त्याच शहरातील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय वकिलांची यादी ठेवते खरे. परंतु आरोपीच्या मुख्य वकिलापाशी निदान १० वर्षांचा अनुभव असावा लागतो.

आंतरराष्ट्रीय कायद्याचा अभ्यास म्हणजे संयुक्त राष्ट्रांचे ठराव आणि अलीकडचे करारनामे घोकणे, हा गैरसमज अधिक खोल रुजलेला आहे. दादरा-नगरहवेलीच्या वाटेवरून पोर्तुगालने १९५५ साली भारताविरुद्ध लावलेला दावा ज्याने वाचला, तो असे म्हणणार नाही. १७७९ चा पुण्याचा तह आणि १७८३ व १७८५ च्या मराठ्यांच्या सनदा त्या कज्ज्यात पुढे आल्या. मराठ्यांनी पोर्तुगीजांना सार्वभौमत्व दिले की केवळ सरंजामाचा वसूल, याची मीमांसा हेगच्या न्यायासनाने केली (त्यावर भारताने नेमलेले तदर्थ न्यायाधीश होते मुंबईचे छागला), आणि वसूलच दिला होता असे ठरवूनही, पुढे इंग्रजांनी पोर्तुगीजांची सत्ता मानली व वहिवाटीने खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना वाट मिळत राहिली, म्हणून तेवढाच हक्क १९६० च्या निकालात मान्य केला. फौज, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे यांच्यासाठी तो नाकारला, आणि भारताने कर्तव्यभंग केला नाही, असाही निर्वाळा दिला. जुने दप्तर आणि वहिवाट यांतून हक्क कसा पारखावा, हेच या विद्येचे मर्म होय.

न्यूयॉर्क राज्यात एलएल.एम.नंतर तेथील वकिलीच्या परीक्षेस बसण्याची सवलत पात्र भारतीय पदवीधरास मिळू शकते; पण ती सवलत त्या राज्यापुरती, जगापुरती नव्हे. शिवाय परदेशगमन अपरिहार्य आहे असेही नाही: दिल्लीतील भारतीय आंतरराष्ट्रीय विधी संस्था १९५९ पासून या विषयाचेच कार्य करीत आहे.

परदेशी विद्यापीठाचे शुल्क भरण्यापूर्वी १९६० चा तो निकाल एकदा समग्र वाचावा. न्यायालयाने तो सर्वांसाठी विनामूल्य खुला ठेवला आहे.