संकटकाळातील दैनंदिनी लेखन आणि चित्ताची एकाग्रता : एक विवेचन

बीजसंज्ञा : दैनंदिनी, एकाग्रता, कार्यकारी स्मृती, अध्यापक

प्रस्तावना

महाविद्यालयीन अध्यापकास दैनंदिनी अपरिचित नाही. घेतलेल्या तासिका, शिकविलेले घटक आणि राबविलेले उपक्रम यांची नोंद असलेली शैक्षणिक दैनंदिनी त्यास नियमितपणे लिहावी लागते व तिच्यावर वरिष्ठांची स्वाक्षरी होते. तथापि, घरातील आजारपण, घड्याळी तासिका तत्त्वावरील सेवेची अनिश्चितता किंवा रखडलेले संशोधन यांमुळे ज्या दिवशी तासिका झाल्या, परंतु मन एकाही तासिकेत नव्हते, त्या दिवसाची हकीकत या दैनंदिनीत कोठेही उमटत नाही. ती लिहिण्यासाठी दुसरी, खासगी वही असावी का, तिच्यामुळे कामावरील लक्ष टिकण्यास खरोखर साहाय्य होते का आणि होत असल्यास कशामुळे, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दोन बंदिवास, दोन दैनंदिन्या

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दोन किशोरवयीन मुली परस्परांपासून हजारो मैल दूर, बंदिस्त अवस्थेत दैनंदिनी लिहीत होत्या. पहिली ॲन फ्रँक. १२ जून १९४२ रोजी, तेराव्या वाढदिवशी, तिला वही मिळाली आणि जुलैमध्ये तिचे ज्यू कुटुंब ॲमस्टरडॅममधील एका कार्यालयाच्या मागील भागात लपून राहू लागले. तेथे एकूण आठ माणसे होती. 'किटी' या कल्पित मैत्रिणीस उद्देशून ती लिहीत असे. मार्च १९४४ मध्ये युद्धकाळातील दैनंदिन्या व पत्रे जपून ठेवण्याचे आवाहन तिने नभोवाणीवर ऐकले. त्यानंतर आपलेच जुने लेखन ती प्रकाशनाच्या दृष्टीने पुन्हा लिहू लागली. तिची शेवटची नोंद १ ऑगस्ट १९४४ ची आहे.

दुसरी मनू गांधी. नात्याने गांधीजींची नात लागणारी ही मुलगी १९४३ मध्ये कस्तुरबांच्या शुश्रूषेसाठी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये आली. स्थानबद्धतेत असलेले गांधीजी तिला शिकवीत, दैनंदिनी लिहिण्यास सांगत आणि ती वाचून खाली स्वाक्षरी करीत. तिच्या गुजराती नोंदींत सूतकताई, अभ्यास, फिरणे व रुग्णसेवा यांचा दिनक्रम आढळतो. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांचे त्याच वास्तूत निधन झाले.

या दोन दैनंदिन्यांची प्रकृती भिन्न आहे. एकीत अंतर्मनाशी संवाद आहे, तर दुसरीत दिवसाचा हिशेब आहे. एक स्वतःसाठी सुरू झाली, तर दुसरीला आरंभापासून वाचक होता. मात्र दोघींच्याही बाबतीत लेखनाने एक समान कार्य केले. बाहेरची परिस्थिती हाताबाहेर असताना, त्या दिवसापुरते स्वतःच्या हातात असलेले काम त्यामुळे ठरत गेले. ॲनसाठी ते लेखनच होते, तर मनूसाठी अभ्यास आणि सेवा. दैनंदिनीने त्यांचे संकट टाळले नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. ॲनचा १९४५ मध्ये बर्गन-बेल्झन छळछावणीत मृत्यू झाला.

संशोधन काय सांगते?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर व सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४६ विद्यार्थ्यांना सलग चार दिवस प्रत्येकी १५ मिनिटे लिहावयास सांगण्यात आले. काहींनी सामान्य विषयांवर, तर काहींनी जीवनातील आघातावर लिहिले. आघाताची वस्तुस्थिती व त्यासंबंधीच्या भावना दोन्ही लिहिणाऱ्यांची मनःस्थिती लेखनानंतर लगेच अधिक खिन्न झाली, परंतु पुढील सहा महिन्यांत त्यांनी आरोग्य केंद्रास तुलनेने कमी भेटी दिल्या.

एकाग्रतेच्या दृष्टीने किटी क्लाइन व ॲड्रिएल बोल्स यांचे २००१ चे संशोधन अधिक महत्त्वाचे आहे. एखादे काम करताना आवश्यक माहिती तेवढ्यापुरती मनात धरून ठेवणारी जी क्षमता, तिला कार्यकारी स्मृती म्हणतात. ही क्षमता मर्यादित असते व चिंतेचे विचार तिच्यातील जागा व्यापतात. महाविद्यालयात नव्याने आल्याविषयीचे विचार व भावना लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांची कार्यकारी स्मृती सात आठवड्यांनंतर अधिक सुधारलेली आढळली. ज्यांच्या लेखनात कार्यकारण व उमज दर्शविणाऱ्या शब्दांचे प्रमाण वाढत गेले, त्यांना अधिक लाभ झाला. याचा अर्थ, केवळ तक्रार लिहिण्यापेक्षा 'हे असे का झाले' याचा उलगडा करणारे लेखन अधिक उपयुक्त ठरते.

पुढील कृती लिहिण्याचेही महत्त्व आहे. मायकेल स्कलिन व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ५७ तरुणांपैकी काहींनी झोपण्यापूर्वी पाच मिनिटे करावयाच्या कामांची, तर काहींनी पूर्ण झालेल्या कामांची यादी लिहिली. पहिल्या गटास लवकर झोप लागली. अपूर्ण काम कागदावर उतरले की ते मनात धरून ठेवण्याचे ओझे कमी होते, असा याचा अन्वयार्थ लावता येईल.

येथे अतिशयोक्ती टाळावयास हवी. जोआन फ्रॅटारोली यांनी २००६ मध्ये अशा लेखनाविषयीच्या १४६ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात सरासरी परिणाम अनुकूल, परंतु अल्प आढळला. अल्प परिणामही दुर्लक्षणीय मात्र नाही, कारण या उपायास एक वही आणि पंधरा मिनिटे एवढाच खर्च येतो.

लेखनाची एक पद्धती

उपरोक्त निष्कर्षांच्या आधारे दैनंदिनीच्या नोंदीचे तीन भाग सुचविता येतील : घटना, विचार आणि पुढील कृती. समजा, एका अध्यापकाचे वडील रुग्णालयात आहेत व पीएच.डी.चा प्रगती अहवाल द्यावयाचा आहे. 'मार्गदर्शकांनी अहवाल मागितला' ही घटना झाली. 'माझे संशोधन कधीच पूर्ण होणार नाही' हा विचार आहे. एरवी हा विचारच वस्तुस्थिती म्हणून मनात वावरत असतो. तो घटनेपासून वेगळा लिहिला म्हणजे त्याचे कारण शोधता येते : दोन आठवडे रात्री रुग्णालयात गेले, म्हणून लेखन थांबले. यानंतर 'उद्या दुपारी २ ते ३ ग्रंथालयात दुसऱ्या प्रकरणाच्या तळटीपा तपासणे' ही कृती लिहावी. कृती वेळ व स्थळासह आणि एका बैठकीत संपेल एवढी लहान असावी. दुसऱ्या दिवशी लेखनाचा आरंभ तिच्यापासूनच करावा. ती झाली नसल्यास स्वतःस दूषण न देता कारण लिहावे व कृती आणखी लहान करावी.

मर्यादा

आघात अगदी ताजा असताना स्वतःवर लेखनाची सक्ती करू नये. तेच दुःख त्याच शब्दांत रोज उतरत असेल, तर लेखन थांबवून विश्वासू व्यक्तीशी बोलणे हितावह ठरते. जीवन नकोसे वाटत असल्यास दैनंदिनी हा उपचार नव्हे. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांचे किंवा केंद्र शासनाने २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेली-मानस सेवेचे (१४४१६) साहाय्य घ्यावे. विद्यार्थ्यांस हा उपक्रम सुचविताना त्यांच्या वह्या तपासू नयेत आणि त्यांना गुणही देऊ नयेत. तपासली जाणारी वही विद्यार्थी तपासणाऱ्यासाठी लिहितो. मनूने आपल्या वाचकावर विश्वास ठेवला होता. असा विश्वास परिपत्रक काढून निर्माण करता येत नाही.

समारोप

संकटकाळात मन विचलित होणे हा अध्यापकाच्या निष्ठेतील दोष नव्हे. मर्यादित स्मृतीवर पडलेला तो अधिकचा भार असतो. दैनंदिनी तो भार पूर्णतः उतरवीत नाही. ती घटनेपासून विचार वेगळा करते, त्याचे कारण दाखविते आणि उद्याच्या एका तासाचे काम निश्चित करते. शैक्षणिक दैनंदिनीतून संस्थेस झालेल्या कामाचा हिशेब मिळतो. ते काम करणाऱ्या माणसाची विचारपूस मात्र त्याने स्वतःच करावयाची असते. त्यासाठी दिवसाची पंधरा मिनिटे राखून ठेवणे अध्यापनाच्याही हिताचे आहे.