पडदा आणि कागद : रंगजुळणीची तीस वर्षं

स्क्रीनवर झकास दिसणारा फोटो कागदावर काळपट का येतो, ही तक्रार डिजिटल फोटोग्राफीइतकीच जुनी. तिचं कारण मात्र गेल्या तीस वर्षांत अनेकदा बदललं.

फाइलमध्ये रंग नसतो, आकडे असतात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्या आकड्यांचा अर्थ प्रत्येक यंत्र आपापल्या परीनं लावायचं. तोच लाल एका मॉनिटरवर शेंदरी दिसे, दुसऱ्यावर डाळिंबी. १९९३ मध्ये अ‍ॅपल, अडोबी, कोडॅक, आग्फा, मायक्रोसॉफ्ट अशा आठ कंपन्यांनी मिळून इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम स्थापन केलं. तोडगा असा, की प्रत्येक यंत्राचा ‘प्रोफाइल’ असावा; कोणत्या आकड्याला हे यंत्र प्रत्यक्षात कोणता रंग दाखवतं, याची ती नोंद. दोन यंत्रांमधला मध्यस्थ म्हणून माणसाच्या नजरेवर बेतलेली मापनपद्धत घेतली गेली. तिचा पाया १९३१ चा आहे.

१९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टनं एसआरजीबी हे रंगांचं सामाईक प्रमाण आणलं. ते त्या वेळच्या काचेच्या जाडजूड मॉनिटरवर बेतलेलं होतं. १९९८ मध्ये अडोबी आरजीबी आलं. त्यात हिरव्या-निळ्या छटांना जास्त वाव, म्हणून छपाईवाल्यांना ते भावलं. पण प्रोफाइल न वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तीच फाइल उघडली की रंग फिके पडत. त्यात मॅकचा गॅमा, म्हणजे मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात ते ठरवणारा आकडा, १.८ आणि विंडोजचा २.२. हा फरक मिटायला २००९ उजाडलं.

सुरुवातीच्या काळात मॉनिटर जुळवायचा तो डोळ्यांनीच. अडोबी गॅमासारख्या सोयीत पट्ट्या सरकवून करड्याशी करडा मिळवायचा. डोळा यात कच्चा साक्षीदार. पिवळ्या बल्बखाली तो काही मिनिटांत रुळतो आणि कागद पांढराच आहे म्हणून सांगतो. २००० नंतर स्पायडर, आयवन यांसारखे कलरिमीटर, म्हणजे पडद्यावरचा रंग मोजणारी यंत्रं, हौशी फोटोग्राफरच्या आवाक्यात आले, तेव्हा हा अंदाजपंचे कारभार थांबला. मॉनिटर अर्धा तास तापू द्यायचा, यंत्र काचेला टेकवून लटकवायचं. खाली एकामागून एक लाल, हिरवे, निळे, करडे चौकोन झळकतात आणि यंत्र ते मोजतं. लक्ष्य बहुधा ठरलेलं : पांढरा ६५०० केल्विन, गॅमा २.२, उजेड १०० ते १२० कँडेला.

प्रिंटरनं जास्त दमवलं. ग्लॉसी कागदाचा प्रोफाइल मॅटला चालत नाही, शाई बदलली की तो पुन्हा करावा लागतो. शेकडो चौकोनांचा तक्ता छापायचा, रात्रभर वाळू द्यायचा, मग स्पेक्ट्रोफोटोमीटरनं ओळ न् ओळ वाचायची. एवढं करूनही चेहरे गुलाबी मारायला लागले, तर बहुतेकदा कारण एकच निघे : फोटोशॉपनं रंग सुधारून दिलेले आणि प्रिंटरच्या ड्रायव्हरनं ते पुन्हा सुधारलेले. दोघांपैकी एकाला गप्प बसवलं की काम होई. काही मर्यादा मात्र कागदाच्याच. पडद्यावरचा झगझगीत निळा शाईत उतरत नाही. तो मंदावतो किंवा जांभळट होतो. हे छापण्याआधीच दाखवणारी ‘सॉफ्ट प्रूफ’ची सोय हाताशी असूनही ती वापरणारे आजही थोडेच.

आज साधा मॉनिटरही कारखान्यातून बऱ्यापैकी जुळून येतो. तरी ‘प्रिंट डार्क आली’ हे वाक्य काही संपलेलं नाही. आता दोष रंगाचा कमी, उजेडाचा जास्त. नवे पॅनल कारखान्यातूनच अडीचशे-तीनशे कँडेलावर लावून येतात. त्या झगमगाटात फोटो एडिट करताना आपण नकळत तो गडदच ठेवतो. कागदाला स्वतःचा उजेड नाही; तो खोलीतल्या दिव्यावर जगतो. त्यात स्वस्त एलईडीखाली लाल छटा मरगळतात. म्हणजे प्रिंट बरोबर असूनही चुकीची दिसते.

तीस वर्षांचा निष्कर्ष साधा आहे : मोजण्याला पर्याय नाही. पुढची लेन्स घेण्याआधी कलरिमीटर घ्या. प्रिंट लॅबकडून काढत असाल, तर त्यांच्याकडे त्यांच्या कागदाचा प्रोफाइल मागा. नसेल तर एसआरजीबी फाइल द्या आणि आधी एक छोटी प्रिंट काढून दिवसाच्या उजेडात बघा. आणि लॅबवाल्याशी भांडायला जाण्याआधी मॉनिटरचा ब्राइटनेस उतरवा.