भाजण्याची खोली

आधणाचे पाणी हातावर सांडले की माणूस कळवळतो, आणि घरभर धावाधाव होते. उलट, पदर पेटून मांडी भाजलेली एखादी बाई म्हणते, “आता काही दुखत नाही, राहू द्या.” आपणही तिला निजवून ठेवतो. पण वाचकहो, आधी दवाखान्यात न्यायला हवे ते तिलाच!

असे का, ते कातडीच्या रचनेवरून समजेल. कातडीचे मुख्य थर दोन : वरचा पातळ, खालचा जाड. नुसता वरचा पोळला तर कातडी लाल होते, चुरचुरते आणि आठवडाभरात बरी होते. धग खालच्या थरात उतरली की फोड येतात आणि आग आग होते, कारण वेदना कळविणाऱ्या मज्जातंतूंची टोके तिथेच उघडी पडतात. दोन्ही थर जळाले, की जागा पांढुरकी किंवा काळी, चामड्यासारखी कडक होते. ती दुखत नाही. दुखणे सांगणारे तंतूच जळालेले, मग सांगणार कोण? अशा मोठ्या जखमेवर बहुधा अंगाच्या दुसऱ्या भागाची कातडी काढून लावावी लागते.

खोलीइतकेच महत्त्व पसाऱ्याला. रोग्याचा पंजा, बोटे धरून, म्हणजे अंगाचा सुमारे शंभरावा हिस्सा. १९५१ साली वॉलेस या ब्रिटिश शल्यविशारदाने नवाचा हिशेब प्रसिद्ध केला : डोके नऊ, एकेक हात नऊ, एकेक पाय अठरा, छाती-पोट अठरा, पाठ अठरा, उरलेला एक गुह्यभागाचा. शिक्षकांनी तो फळ्यावर माणसाची आकृती काढून मुलांकडून करवून घ्यावा. बेरीज बरोबर शंभर येते. मात्र तान्ह्या मुलाचे डोके अंगाच्या मानाने मोठे असते, ते अठरा धरावे. लहान मुलाचे दहा पंजांइतके अंग भाजले तर उशीर नको, कारण भाजल्या जागेतून अंगातले पाणी झरपत राहते. चेहरा, हात, सांधे, गुह्यभाग भाजले तर पंजे मोजत बसू नये. विजेच्या तारेने भाजल्यास तर मुळीच नाही. वर टिकलीएवढा डाग आणि आत स्नायू जळालेले, असे होते.

मग घरी काय करावे? बांगड्या, अंगठ्या लगेच काढाव्यात. सूज आल्यावर निघत नाहीत. भाजल्या जागेवर वीस मिनिटे साधे गार पाणी सोडावे, बर्फ नव्हे. अंग बरेच भाजले असेल तर बाकीचे शरीर पांघरुणात उबदार ठेवावे. फोड फोडू नयेत. हळद, तूप, शाई, दात घासायची पेस्ट यांतले काहीएक लावू नये. जखमेचा रंगच त्याखाली झाकतो, आणि किती खोल भाजले ते डॉक्टरला आधी तो पुसून पाहावे लागते. स्वच्छ धुतलेले धोतर सैलसर गुंडाळावे आणि १०८ क्रमांकाला फोन करावा.